अडुसष्ट इंच

बर्फ मोजणाऱ्या माणसांना गाव वेडं म्हणतं, आणि गावाचं त्यात काही चुकत नाही. दर सहा तासांनी अंगावर तीन-तीन कपडे चढवून अंगणात जायचं, पांढऱ्या रंगाच्या फळीवर साचलेल्या बर्फात पट्टी उभी रोवायची, आकडा वहीत लिहायचा, फळी झाडायची आणि आत यायचं. रात्री एकलासुद्धा. याचं कुणी काही देत नाही, वर सर्दी होते. आर्लीन मोझरने हे चोवीस वर्षं केलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या पिढ्या जेवू घालून ती निवृत्त झाली. नवरा त्याआधीच गेलेला, मूलबाळ नाही. फळी तेवढी होती.

तिचं घर पठाराच्या उत्तर टोकाला, केस्लर टेकडीवर. पलीकडे नुसतं जंगल. ऑन्टॅरियो सरोवरावरून बर्फाचा पट्टा निघाला की पहिला तिच्या छपरावर येऊन बसायचा. मैल-दोन मैल रुंद, लांबच लांब. आत शिरलात तर स्वतःचा हात दिसणार नाही, आणि बाहेर अर्ध्या मैलावर लख्ख ऊन. तासन् तास एका जागी ठिय्या देईल, मग वारा वायव्येला वळला की उठून दक्षिणेला चालू लागेल. लांबून तो काळ्या भिंतीसारखा दिसतो, पण ती भिंत चार मैलांवर आहे की एका, हे भल्याभल्यांच्या नजरेला कळत नाही. रडारलाही हे ढग दिसायचे नाहीत, इतके खालून चालतात. वारा फिरलेला पहिल्यांदा कळायचा तो टेकडीवरच्या माणसाला, म्हणजे आर्लीनला.

म्हणून बर्फ मोजणाऱ्यांनी साखळी बांधली होती. आपल्याकडे वारा फिरला की दक्षिणेकडच्या पुढच्या घरी फोन करायचा. बोलायचं नाही, दोन रिंगा वाजल्या की ठेवून द्यायचा. समोरच्याने उलट एक रिंग द्यायची, म्हणजे समजलं. मग त्याने पुढच्याला. आर्लीनच्या रिंगा चार मैलांवर फाट्यापाशी ग्लेन पेल्कीच्या घरी जायच्या, ग्लेनच्या पुढे डेपोत वेस हॅरिगकडे. वेस रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी चालवायचा. फाटा आणि डेपो यांच्या मधे सपाटी, तीन मैलांचा उघडाबोडका रस्ता. टेकडीवर वारा फिरला की वीस-बावीस मिनिटांत पट्टा सपाटीवर. दोन रिंगा आल्या की सपाटीवर कुणी जायचं नाही, हा पठारावरचा कायदा, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

ग्लेन दुधाचा टँकर चालवायचा. तोही मोजणारा. चोवीस तासांत साडेसहासष्ट इंच हा पठारावरचा सगळ्यात मोठा आकडा त्याच्या नावावर होता, अकरा वर्षांपूर्वीचा. त्यावरून त्याने आर्लीनला इतकं पिडलं होतं की विचारू नका. नाताळाच्या भेटकार्डावर नावाखाली साडेसहासष्ट लिहायचा मेला.

त्या जानेवारीतल्या मंगळवारी दुपारी एकपासून पट्टा आर्लीनच्या डोक्यावर बसला तो हलायला तयार नाही. संध्याकाळी सातला सतरा इंच. रात्री एकला साडेअठरा. बुधवारी सकाळी सातला तिने पट्टी रोवली आणि आत येऊन ग्लेनला फोन लावला. रिंगा देऊन ठेवायचा नव्हे, बोलायचा.

"किती?" ग्लेनने विचारलं.

"साडेसतरा. मिळून त्रेपन्न झाला."

त्याने लांब शीळ घातली. "म्हणजे एक वाजेपर्यंत साडेतेरा पडला की माझ्या बरोबरीला. त्यावर चिमूटभर पडला की माझं नाव पुसलं."

"कसला पडतोय. दमला असेल तो आता."

"दमतोय कुठला! मी इथे उन्हात दात घासतोय आणि तुझ्याकडे भिंत उभी आहे, काळीकुट्ट. पुसून टाक बाई एकदाचं. अकरा वर्षं तो आकडा उरावर घेऊन हिंडतोय मी."

"तुझ्या तोंडात साखर पडो."

"साखर ठेव तुझ्यापाशी. बर्फ पडू दे, आणि तुझ्या फळीवर पडू दे, माझ्या सपाटीवर नको. सपाटीपलीकडे झेहरच्या गोठ्यातल्या टाक्या काठोकाठ भरल्यात. आज दूध उचललं नाही तर ओतून द्यावं लागेल त्याला. जेवून एकच्या आत निघतो मी. तोवर धरून ठेव त्याला."

"धरून ठेवायला तो काय माझा कुत्रा आहे?"

"आणि फिरलाच तर..."

"दोन रिंगा. माहीत आहे. चोवीस वर्षांत चुकल्यात का कधी?"

"डिसेंबरात?" म्हणाला, आणि स्वतःच खो खो हसत सुटला.

डिसेंबरात असं झालं होतं की वारा फिरला, आर्लीनने रिंगा दिल्या, आणि दहा मिनिटांत वारा परत जागेवर. ग्लेन दिवसभर घरी बसला आणि झेहरचं दूध खरंच ओतावं लागलं. वेसने मग महिनाभर तिची पाठ सोडली नाही. दुकानात दिसली की लांबूनच ओरडायचा, "आर्लीनबाई, लांडगा आला का?" लहानपणी तिच्याच हातचं जेवलेलं कार्टं. ती हसण्यावारी न्यायची, पण लागलं होतं तिला.

सात ते साडेबारा आर्लीनने काय केलं ते तिला नंतर आठवेना. खाल्लं नाही एवढं नक्की. दर सहा तासांनीच फळी झाडायची, मधे हात लावायचा नाही, हा नियम. मधेमधे झाडली की आकडा फुगतो आणि मग तो कुणी धरत नाही. त्यामुळे ती खिडकीशी बसून फळीवरचा ढिगारा चढताना बघत राहिली. पट्टी न रोवताही तिला अंदाज होता. दहा. बारा. साडेबाराच्या सुमारास ती कोट चढवून ओसरीत जाऊन उभी राहिली. साठी उलटलेली बाई, पण पहिल्यांदा नाचायला निघालेल्या पोरीसारखी.

बारा अडतीसला वारा फिरला.

ती ओसरीतच होती. गालावर ज्या बाजूने मार बसत होता ती बाजू बदलली. उत्तरेला झाडांच्या शेंड्यांवर पिवळसर उजेड दिसला. तिने वहीत वेळ लिहिली, आणि लिहून होईपर्यंत बर्फ विरळ झाला. दोन मिनिटांत थांबला.

आता ही गोष्ट मोजणाऱ्यालाच कळेल. ताजा बर्फ पडायचा थांबला की बसायला लागतो. दहा मिनिटांत अर्धा इंच गेला, तासाभरात दीड. म्हणून थांबल्या थांबल्या मोजायचं, फळीवर चार ठिकाणी, आणि सरासरी घ्यायची. आर्लीन सकाळी उपसलेल्या वाटेवर पुन्हा साचलेल्या गुडघाभर बर्फातून फळीकडे धावली. पंधरा. पंधराला किंचित जास्त. पंधराला किंचित कमी. पंधरा. त्रेपन्न आणि पंधरा अडुसष्ट. तिने तीनदा बेरीज केली, आणि मग अंगणात एकटीच मोठ्यांदा म्हणाली, "ग्लेन पेल्की, मेलास तू."

हे ती म्हणाली. नाही म्हणून उपयोग नाही.

एवढ्या मोठ्या आकड्याला पुरावा लागतो. फोटो हवा, फोटोत पट्टी हवी आणि घड्याळ हवं. घड्याळ स्वयंपाकघराच्या भिंतीवर होतं. ती आत गेली, खुर्चीवर चढली, घड्याळ काढलं. घड्याळाच्या बरोबर खाली फोन. उतरताना तिच्या कोटाची बाही फोनच्या वायरीला अडकली, तिने ती सोडवली, आणि घड्याळ पोटाशी धरून बाहेर पळाली.

तेव्हा फोन आठवला नाही असं नाही. आठवला. तिने स्वतःशी म्हटलं, परतेल तो डिसेंबरासारखा, उगाच आणखी एक लांडगा नको. म्हटलं, आधी फोटो, बर्फ बसतोय. म्हटलं, दोन मिनिटं. एवढं सगळं म्हणायला जितका वेळ लागला तितक्यात दोन रिंगा वाजून झाल्या असत्या.

थंडीने कॅमेऱ्यातली फिल्म अडकली. तो कोटात धरून ऊब द्यावी लागली. फोटो निघाला तेव्हा घड्याळात बारा बावन्न. मग एकला फळी झाडायची वेळ, ती नियमाने झाडलीच पाहिजे. झाडली. आत आली, मोजे काढले, एक वाजून दोन मिनिटांनी दोन रिंगा दिल्या आणि ठेवून दिला. उलट एक रिंग आली. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिने कॉफीचं आधण ठेवलं.

ती उलट रिंग ग्लेनची नव्हती, त्याच्या बायकोची होती. ग्लेन बारा पन्नासला घरातून निघाला होता. बूट चढवून फोनपाशी मिनिटभर उभा राहिला आणि इमोजीनला म्हणाला, "टेकडीवरून काही नाही. जातो मी." डेपोतून वेसही निघाला होता, कारण फाट्यावरून रिंग नाही म्हणजे सपाटी मोकळी. पट्ट्याने ग्लेनला सपाटीच्या मधोमध गाठलं. शहाणा माणूस, त्याने टँकर जागच्या जागी उभा केला, लाल दिवा घेतला, आणि मागून येणाऱ्याला दिसावा म्हणून तो ठेवायला खाली उतरला. वेसची गाडी समोरून आली. ताशी वीस-पंचवीस मैलांपेक्षा जास्त वेग नव्हता, पण पुढे नऊ फुटांचं लोखंडी पातं होतं. ग्लेन त्याला दिसलाच नाही. खाली उतरल्यावर दिसला.

तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

दफन वसंतात होणार होतं, जमीन मोकळी झाल्यावर. पठारावर जानेवारीत मेलेल्या माणसाला एप्रिलपर्यंत थांबावं लागतं. चर्चमधे प्रार्थना मात्र शनिवारी झाली. सगळे मोजणारे होते. हळू आवाजात सगळे एकच बोलत होते, की उडत आला पट्टा त्या दिवशी, असा कधी येत नाही. आर्लीनकडे कुणी वाकड्या नजरेने बघितलं नाही. उलट दोघातिघांनी तिच्या हातावर हात ठेवला. शेवटच्या बाकावर वेस बसला होता, आणि प्रार्थना संपल्यावर इमोजीन त्याच्यापाशी गेली आणि सगळ्यांसमोर त्याचं डोकं तिने पोटाशी धरलं. आर्लीनला तिथून पळून जावंसं वाटलं. पण ती बसून राहिली, आणि नंतर जेवणाच्या टेबलावर बटाट्याचं भांडं पुढे सरकवत राहिली.

अडुसष्टचा कागद तिने हवामानवाल्यांना पाठवला नाही. वही कपाटात वरच्या फळीवर ठेवली. मोजणाऱ्यांच्या घरात खोडरबर नसतो. पेन्सिलीने लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. चोवीस वर्षांत तिने एकही आकडा खोडला नव्हता. आता रात्री पडल्या पडल्या तिला ते पान दिसायचं. बारा अडतीस. एक रेघ मारून एक वाजता लिहिलं तरी खालचं वाचता येणारच.

फेब्रुवारीत वेस आला. न बोलावता. शिडी लावली आणि तिच्या छपरावरचा बर्फ खाली ढकलायला लागला. गाडीवरून त्याला काढलं होतं, वेळ घालवायला तो घराघरांची छपरं साफ करत हिंडायचा. काम झाल्यावर स्वयंपाकघरात बसला. बारीक झाला होता, दाढी वाढली होती, तोंडाला दारूचा वास होता, आणि लांडग्याचं नाव नाही.

"आर्लीनबाई, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार की."

"त्या दिवशी तुमच्याकडे वारा नेमका कधी फिरला?"

तिने कॉफी ओतली. कप त्याच्यापुढे ठेवला.

"एकच्या सुमाराला. फिरला तसा रिंगा दिल्या."

"इमोजीनमावशीही तेच सांगते. ओव्हनमधे तिचा केक होता, म्हणून घड्याळावर नजर होती तिची. एक वाजून दोन मिनिटं." तो बोटांवर मोजत होता. "आता बघा. वारा फिरल्यावर पट्ट्याला सपाटीवर यायला वीस मिनिटं लागतात. फार तर फार पंधरा. माझ्या जन्मात त्याच्या आत आला नाही. त्या दिवशी तीन मिनिटांत? मोटारीत बसून आला का तो?"

"कधीकधी उडत येतो."

"नाही येत." त्याने मान हलवली. "रोज गणित करतो मी, आर्लीनबाई. जमतच नाही. मग एक दिवस कळलं की गणित बरोबर आहे, मीच चूक आहे. सव्वाएकच्या आधी पट्टा सपाटीवर येऊच शकत नाही ना? म्हणजे मी डेपोतून उशिरा निघालो असणार. म्हणजे भिंत चालून येताना मला दिसली असणार आणि तरी मी आत घुसलो असणार. घाई असेल कसली तरी. चौकशीला बोलावलं तेव्हा तसं सांगून टाकलं."

"काय सांगितलंस?"

"की दिसली होती."

"दिसली होती का तुला?"

"आठवत नाही हो. मला आपलं ऊनच आठवतं." त्याने डोळे पुसले, लाजला, नाक ओढलं. "पण ऊन असेल कसं? डोकं खोटं बोलतंय माझं. इतके दिवस मी म्हणायचो, माझी चूक नाही. आता निदान कळलं तरी. ग्लेनकाकाला मी मारलं."

बोलायची वेळ होती तर हीच होती. कपाट चार पावलांवर होतं. वही काढून पान उघडून समोर ठेवायचं, तोंड उघडायचीही गरज नव्हती. तिला वाटलं, आत्ता नाही, दारू प्यायलाय, आत्ता सांगून काय उपयोग. तिने त्याच्यापुढे बिस्किटांची ताटली सरकवली.

"खा," ती म्हणाली. "शाळेत असताना चार-चार चोरायचास."

त्याने एक उचललं आणि हातात धरून बसला. गेल्यावर बघितलं तर ते ताटलीत परत ठेवलेलं होतं. आर्लीन सिंककडे तोंड करून रडली. स्वतःची इतकी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती.

एप्रिलात मोजणाऱ्यांच्या सगळ्या वह्या इमोजीनकडे जमा व्हायच्या. ती दरवर्षी टंकलेखन यंत्रावर त्यांची नक्कल करून राजधानीला हवामानवाल्यांकडे पाठवायची. ग्लेन गेला म्हणून तिने काम सोडलं नाही. दहा वह्या पोचल्या, अकरावी आली नाही. इमोजीनने निरोप धाडला, "अगं, तुझ्यावाचून अडलंय. वही आण. सूप केलंय."

आर्लीन दोन दिवस घरात येरझारा घालत राहिली. पान फाडता आलं असतं. ते वाचायला दुसरं कोण होतं? पण पान फाडलं तर वेस आयुष्यभर ते गणित करत बसणार होता. तिसऱ्या दिवशी तिने वही घेतली, गाडी काढली, आणि वाटेत काय काय बोलायचं ते पाठ करत गेली. सपाटीकडे जाणाऱ्या फाट्यावर तिने मान वळवली नाही.

इमोजीनच्या स्वयंपाकघरात वेस जेवत होता. मेपलचा पाक काढायचे दिवस, त्याने सकाळपासून ग्लेनच्या झाडांचा रस गोळा केला होता आणि त्याचे हात लाल झाले होते. टेबलाच्या एका टोकाला सूप, दुसऱ्या टोकाला यंत्र.

"आलीस? बस. पाव घे," इमोजीन म्हणाली. "दे इकडे. तू खा, तोवर मी जानेवारी उरकते."

पाठ केलेलं सगळं आर्लीनच्या डोक्यातून पार गेलं. तिने वही दिली.

इमोजीनला एक सवय होती, सगळ्यांना ठाऊक असलेली. टंकताना ती मोठ्यांदा वाचायची, सपाट आवाजात, अर्थाकडे लक्ष न देता, बोटं चालावीत म्हणून. दोन तारीख, चार इंच. पाच तारीख, निरंक. पानं उलटत होती. वेस पावाने वाटी पुसत होता. आर्लीनने मांडीवरचा रुमाल दोन्ही हातांनी पिळला.

"मंगळवार, सायंकाळी सात, सतरा. रात्री एक, साडेअठरा. बुधवार, सकाळी सात, साडेसतरा." कळा खटखटत होत्या. "बारा अडतीस, वारा वायव्येला, उत्तरेस उजेड. बारा चाळीस, बर्फ थांबला. बारा एकेचाळीस, पंधरा. बारा बावन्न, फोटो. एक, फळी झाडली. एक दोन, साखळी."

कळा थांबल्या. इमोजीनने शेवटच्या ओळीवरून बोट वर नेलं, बारा अडतीसवर ठेवलं, आणि परत खाली आणलं. या बायामाणसांना काही समजावून सांगावं लागत नाही.

"चोवीस मिनिटं," वेस म्हणाला.

इमोजीनने बोट वहीवरून उचललं.

"चोवीस," तो पुन्हा म्हणाला. "म्हणजे जमतं. म्हणजे ऊन होतं." आणि तो हसला. मोठ्यांदा, लहान मुलासारखा, क्षणभर. मग त्याने आर्लीनकडे बघितलं. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"वेस, पोरा..."

"तुमच्या टेबलावर बसून विचारलं होतं. मी चौकशीत कबूल करून बसलो आर्लीनबाई, सही करून! तुम्ही मला बिस्किट दिलंत."

त्याने खुर्ची मागे सारली, टोपी घेतली आणि निघून गेला. दारही आपटलं नाही. पुढच्या आठवड्यात तो बहिणीकडे दक्षिणेला गेला, जिथे बर्फ पडत नाही. इमोजीनने वहीची नक्कल जोडून चौकशीवाल्यांना पत्र पाठवलं, त्यांनी कागद बदलला, पोच आली. वेस परत आला नाही. नाताळाला त्याचं कार्डही आलं नाही.

त्या दुपारी मात्र दोघी समोरासमोर बसून राहिल्या. सुपावर साय धरली. आर्लीन म्हणाली, "मी घड्याळ काढायला आत गेले होते. फोन तिथेच होता. इमोजीन, मला शिव्या दे. काहीतरी बोल."

इमोजीनने यंत्र जवळ ओढलं. तिने यंत्रावरचा कागद सरळ केला, चारही आकड्यांची बेरीज केली, एकदा, आणि खाली टंकलं. मग वाचलं, त्याच सपाट आवाजात. "चोवीस तास, अडुसष्ट. पठारावरचा उच्चांक."

"तो नको पाठवू. तुझ्या पाया पडते. राहू दे ग्लेनचाच."

"माप बरोबर आहे ना?"

"आहे."

"मग जाईल." तिने वही मिटून तिच्याकडे सरकवली. "ग्लेन असता तर त्यानेही पाठवलं असतं. आता नीघ तू."

आर्लीन दारापर्यंत गेली. मागून इमोजीन म्हणाली, "आणि फोन."

"काय?"

"नोव्हेंबरपासून. वारा फिरला की." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मला तुझं तोंड बघायचं नाही, आर्लीन. देवाशपथ नाही. पण टेकडीपलीकडे कुणी राहत नाही. डेपोत आता दुसरं कुणाचं तरी पोर येईल गाडीवर. तू रिंगा द्यायच्या. इथे मी आहे."

उन्हाळ्यात उच्चांकाचं प्रशस्तिपत्र आलं, आर्लीनच्या नावाचं, सोनेरी किनारीचं. ते तिने वहीत घालून ठेवलं. पुढच्या हिवाळ्यापासून ती देवाकडे एकच मागायला लागली, की कुणाच्याही फळीवर, कुठेही, एकोणसत्तर पडू दे. अजून पडलेला नाही.

नोव्हेंबरात पहिला पट्टा आला तेव्हा ती अंगणात गेलीच नाही. फोनच्या खाली खुर्ची टाकून, खिडकी उघडी ठेवून, कोट घालून बसली. सकाळी दहा सतराला वारा फिरला. तिने नंबर फिरवला, दोन रिंगा ऐकल्या, ठेवून दिला. मग थांबली.

पोलिसांचं आणि रस्त्यावरच्या गाड्यांचं बोलणं ऐकायला घरोघरी रेडिओ असतो, तो तिच्याकडेही होता. तीन मिनिटांनी त्यावर एक कोवळा, अनोळखी आवाज आला, "फाट्यावरून निरोप आहे. सपाटीवर जात नाही, डेपोतच थांबतो." म्हणजे रिंगा पोचल्या होत्या. पुढे गेल्या होत्या.

आर्लीन तरीही हात फोनवर ठेवून बसून राहिली. खिडकीतून आत येणारी हवा स्वच्छ आणि गार होती, बाहेर बर्फ कधीच थांबला होता, आणि फळीवर जो काही पडला होता तो बसत चालला होता. समजलं, म्हणून एक रिंग उलट यायची पद्धत होती. ती आली नाही.